सात आणि सात सोळा कसे?

दहावीला सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक वापरून झालेला बंध, शिकवत होतो. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातली, बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. फळ्यावर क्लोरीनचे दोन अणू काढले. एकाचे बाहेरच्या कक्षेतले 7 इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवले, दुसऱ्याचे 7 फुल्यांनी. मधल्या जोडीभोवती गोल केला आणि दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "संदान झालं, दोघांचंही अष्टक पूर्ण." म्हणजे जोडी सामाईक झाली आणि दोघांभोवती बाहेरच्या कक्षेत आठ-आठ इलेक्ट्रॉन झाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, 7 आणि 7 चौदा. दोघांचे आठ-आठ म्हणजे सोळा. वरचे दोन कुठून आले?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हणालो, सामाईक जोडी दोघांकडेही मोजायची. तिला ते पटेना. "आमची विहीर चुलत्यांसोबत सामाईक आहे. सातबाऱ्यावर निम्मा-निम्मा हिस्सा लावलाय. अख्खी विहीर दोघांच्या नावावर कशी लागेल?"

मी तिला फळ्याशी बोलावलं. "सातबाऱ्यासारखं मोज बघू." तिनं मोजलं. क्लोरीनचे स्वतःचे 6, जोडीतला निम्मा वाटा 1, एकूण 7. "म्हणजे आधी होते तेवढेच?"

तेवढेच! रेणूतल्या एखाद्या अणूवर प्रभार आहे का हे पाहताना रसायनशास्त्रज्ञ अशीच निम्मी वाटणी धरतात. त्याला औपचारिक प्रभार म्हणतात. अणू 7 घेऊन आला, हिशेबात 7 च राहिले, म्हणून प्रभार शून्य. दहावीच्या पोरीनं सातबाऱ्यावरून तो हिशेब मांडला होता. मग वर्गाला सांगितलं, की आठ ही मालकी नव्हे. अणूभोवती बाहेरच्या कक्षेत किती इलेक्ट्रॉन आहेत, त्याची ती मोजणी. दोन्ही आकडे बरोबर, पण प्रश्न वेगळे.

"मग एकत्र येऊन त्यांना मिळालं काय?"

इथं मला माझं जुनं वाक्य, 'अणूला अष्टक हवं असतं', सोडावंच लागलं. अणूला काही हवं नसतं. बोरॉन ट्रायफ्लोराइडमधल्या बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, तरी तो रेणू असतोच. खरं कारण ओढीत आहे. एकट्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला एकच केंद्रक ओढतं, मधल्या जोडीला दोन्ही. त्यात ऊर्जा घटते. फार जवळ आले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात. क्लोरीनमध्ये हा तोल केंद्रकांत सुमारे 199 पिकोमीटर अंतर असताना साधतो, आणि एक मोल बंध तोडायला सुमारे 243 किलोजूल लागतात. सामाईक जोडीची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी 1916 मध्ये मांडली. ती जोडी अणूंना का धरून ठेवते, हे वाल्टर हायटलर आणि फ्रिट्झ लंडन या शास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूसाठी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) वापरून 1927 मध्ये दाखवलं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. हायड्रोजन आणि क्लोरीन शेजारी काढून विचारलं, "इथं जोडी बरोबर मध्यावर राहील?"

तिनं थोडा विचार केला. "चुलत्यांची मोटार साडेसातची आहे, आमची तीनची. कागदावर निम्मं असलं तरी पाणी तिकडंच जास्त जातं."

खडू तिच्या हातातच होता. तिनं ती जोडी पुसली आणि क्लोरीनच्या जवळ काढली.