रिंग होती, पण एकाच चरात

जळगावकडच्या एका शेती-संशोधन संकुलात, मे महिन्यात, ठिबकच्या मेन लाइनसाठी चर खोदताना जेसीबीच्या दाताला फायबर लागली. केळीच्या टिश्यूकल्चर विभागाचं नेटवर्क गेलं. जायला नको होतं. कोअर स्विचपासून, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य स्विचपासून, तिथवर दोन वाटा होत्या, एक मुख्य रस्त्यालगत आणि दुसरी मागच्या कंपाउंडने; दोन्ही मिळून रिंग. एक तुटली की स्विचमधला आरएसटीपी हा प्रोटोकॉल काही क्षणांत दुसरी चालू करतो. इथे दोन्ही एकदमच मेल्या. “भो, दोन्ही वायरी एकच नळीमा व्हत्यात,” जेसीबीवाला म्हणाला. आराखड्यापेक्षा तोच खरा निघाला.

जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. खड्ड्यात दिसणाऱ्या टोकाच्या मागे काही मीटरपर्यंत धागे आतल्या आत तुटलेले असतात. म्हणून दोन्ही बाजूंनी ओटीडीआर (धाग्यात प्रकाश सोडून तुटीपर्यंतचं अंतर मोजणारं यंत्र) लावायचं आणि तेवढी केबल टाकून द्यायची. पडद्यावरचं अंतर जमिनीवर टेपने शोधू नये: धागा केबलमध्ये पीळ घेत जातो, शिवाय चेंबरमधली वेटोळी त्यात धरलेली असतात. मधे नवा तुकडा घातला की जोड दोन ठिकाणी. 12 कोअरच्या (12 धाग्यांच्या) दोन केबल, म्हणजे 48 जोड. जोड झाकणारी स्लीव्ह आधी ओवायची, 250 मायक्रॉनचं आवरण सोलून 125 मायक्रॉनची काच उघडी करायची, आयपीए अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने (काच तोडायच्या हत्याराने) काटकोनात तोडायची. त्या वाऱ्यात काळ्या मातीची धूळ क्लीव्हरवर बसत होती आणि जोडणीचं यंत्र प्रकाशाची घट 0.3 डीबी दाखवत होतं. गाडीच्या काचा लावून आत काम केलं, तेव्हा जोड 0.05 च्या आत आले. उकाड्याचं काय ते सांगायला नको.

डोक्यातून जात नाही ती काम झाल्यावरची हस्तांतराची फाइल. तीत रिंगची चाचणी ‘यशस्वी’ आहे. एका वाटेची पॅचकॉर्ड (स्विचला जोडणारी छोटी केबल) काढली, नेट चालू. ती लावून दुसरी काढली, तरी चालू. एकाच नळीतल्या दोन केबलही ही परीक्षा आरामात पास होतात. पण त्याच फाइलमध्ये ओटीडीआरचे कागद आहेत: एक वाट 1,130 मीटर, दुसरी 1,142. आराखड्यात मागची वाट 1,900 च्या वर. बिलावर चार सह्या आहेत, वजाबाकी एकानेही केलेली नाही.

मागची वाट आता खरोखर खोदली जातेय. कपाशीची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि नळीचे जोड ओढते; म्हणून एक मीटर खोल, खाली-वर वाळू, जोड फक्त चेंबरमध्ये. बिलासोबत चेंबरनिहाय अंतरं मागितली आहेत. ठेकेदाराच्या मते हे जास्तीचं काम आहे.