आज्जीच्या लुगड्याला माईक कुठं लावायचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडावर एक व्हिडिओ केला होता, येळ्ळूरवरून वर चढताना धुकं काय भारी होतं, मी पंधरा मिनिटं बडबडत गडभर फिरलो आणि घरी येऊन ऐकतोय तर नुसतं भुर्रर्र भुर्रर्र, मधेच कुठंतरी माझा एखादा शब्द. कामावर एक बैलहोंगलचे साहेब आहेत, पक्के कन्नड, त्यांना मोठ्या हौसेनं दाखवला तर त्यांनी अर्धा मिनिट ऐकून फोन परत दिला आणि म्हणाले, "बरे गाळी री." म्हणजे नुसता वाराच आहे हो.

झालं, त्या दिवशी ठरवलं की वायरलेस कॉलर माईक घ्यायचा. आधी एक वायरवाला होता, सहा मीटर वायर, आवाज झकास, पण परड्यात शूटिंग करताना त्यात एकदा कोंबडी अडकली आणि एकदा मीच.

आता गंमत बघा, नावच कॉलर माईक आणि माझ्या व्हिडिओतल्या एकाही माणसाला कॉलर नाही. रिव्ह्यू करणारी सगळी पोरं एसी खोलीत, टीशर्ट घालून, माईक छातीवर, "हॅलो माईक टेस्टिंग" आणि झालं रिव्ह्यू. माझ्याकडं कोण, तर खानापूर तालुक्यातली आमची आज्जी इरकली लुगडं नेसलेली, नुसत्या बनियनवर शेतात उभा असलेला मामा, आणि वडगावात मांडे करणाऱ्या एक मावशी. माझं स्वतःचं बोलणं मी नंतर घरात बसून परत रेकॉर्ड करू शकतो, आज्जीला "परत म्हण" म्हटलं तर ती दुसरंच काहीतरी म्हणते. म्हणजे माईक घ्यायचा तो समोरच्या माणसासाठी, माझ्यासाठी नव्हे, हे डोक्यात बसायलाच मला महिना लागला.

मग पहिला प्रश्न, अडकवायचा कसा. हल्लीच्या माईकांना क्लिप असते आणि बरोबर एक लोहचुंबकाची चकती येते, चकती कापडाच्या आत आणि माईक बाहेर. क्लिपला काठ लागतो, म्हणजे गळा, बटनपट्टी, पदराची कड असं काहीतरी, चुंबक कुठंही बसतो. ऐकायला चुंबक भारी वाटतो, पण आत चकती धरायला हात आत घालावा लागतो, आता आज्जी आपली आहे तरी ते मला बरं वाटत नाही आणि परक्या बायकांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, त्यामुळं मी माईक त्या घरच्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या हातात देतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. एकदा आज्जी वाकली आणि माईक निघून थेट विळीला चिकटला, टण्ण! आणि एक महत्त्वाचं, ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांच्या छातीवर चुंबक लावायचा नाही, आमच्या एका काकांना लावायला गेलो होतो, काकूच ओरडल्या म्हणून बरं. त्यांना क्लिपच लावली.

वजन पण बघा. २०१९ साली आलेला रोड कंपनीचा पहिला वायरलेस गो ३१ ग्रॅमचा होता, शर्टाला ठीक, पण पातळ पदराला लावला तर कापडच खाली लोंबतं आणि माईक जमिनीकडं बघत बसतो. आता हॉलीलँडचा लार्क एम२ ९ ग्रॅमचा आहे, डीजेआयचा माईक मिनी १० ग्रॅमचा, बटनासारखे. लुगड्यासाठी हेच. हनुवटीच्या खाली साधारण एक वीत, आणि मंगळसूत्र, बोरमाळ काय असेल ते एका बाजूला घ्यायला सांगायचं, नाहीतर बाई मान हलवल्या की टक टक टक येतं आणि ते नंतर कशानं पण काढता येत नाही. इरकली लुगड्याचा पदर रेशमी असतो, तो माईकवर घासला की पाल्यात कायतरी सळसळल्यासारखं ऐकू येतं, म्हणून पदर दुसऱ्या खांद्याकडं खोचून घ्यायचा.

आज्जीनं पहिल्यांदा बघितला तेव्हा, "हे काय लावालास गा मला, शॉक बसंल की!" आणि त्याच्यावर वाऱ्यासाठीची केसाळ टोपी बसवल्यावर, "उंदराचं पिल्लू हाय काय हे?"

पण ती टोपी सोडू नका हां. वारा थेट माईकच्या आतल्या पडद्यावर आदळतो, म्हणून त्याला बाहेरच अडवायला लागतं, एकदा आत शिरून आवाज फाटला की एडिटिंगमध्ये काय होत नाही. साधा फोम खोलीत ठीक, आमच्याकडच्या जांबोटीकडच्या वाऱ्याला केसाळच पाहिजे. दोन जास्तीच्या घेऊन ठेवा, त्या पडतात आणि सापडत नाहीत.

आता रेंज. खोक्यावर ३०० मीटर, ४०० मीटर लिहिलेलं असतं आणि आपण त्यालाच भुलतो, मी पण भुललेलो. मला पाहिजेत तीन मीटर! आणि त्या तीन मीटरमध्येच आज्जी चुलीकडं तोंड करून बसली, पाठ माझ्याकडं, की आवाज तुटायला लागला. कारण असं की हे माईक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय ब्लूटूथ त्याच्यावरच, आणि माणसाच्या अंगात पाणीच जास्त, ते पाणी हे सिग्नल शोषून घेतं. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मैदानातला, मधे काहीच नसतानाचा. माझा उपाय साधा, फोन चुलीच्या बाजूला नेऊन ठेवला, आज्जी अर्धी बाजूनं दिसते, उलट फ्रेम चांगलीच येते.

दुसरा उपाय म्हणजे माईकच्या आतच रेकॉर्ड होणारं मॉडेल. डीजेआय माईक २ मध्ये ट्रान्समीटरच्या, म्हणजे अंगावर लावायच्या माईकच्याच, आत ८ जीबी मेमरी आहे, सिग्नल तुटला तरी माईकमध्ये आवाज शाबूत, आणि ३२-बिट फ्लोट आहे म्हणजे लेव्हल चुकली तरी नंतर बऱ्यापैकी सावरता येतं. वर सांगितलेल्या दोन्ही हलक्या माईकांत हे आतलं रेकॉर्डिंग नाही. वैशाखातल्या आमच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक शूट करायची असेल, हजारो फोन भोवती, ढोल-ताशा कानात, तर मी आतलं रेकॉर्डिंगवालाच घेईन. पण मी वर्षातनं एकदा मिरवणूक करतो आणि महिन्यातनं चारदा चूल, म्हणून हलक्यातला घेतला. कुठला ते सांगत नाही, कुणी मला पैसे दिलेले नाहीत.

नॉइज कॅन्सलेशनवर, म्हणजे आजूबाजूचा आवाज आपोआप दाबायच्या सोयीवर, पण लोक फार भाळतात. मांड्याचा व्हिडिओ करताना मी ते फुल्ल ठेवलेलं. उलट्या भांड्यावर मांडा पडतो, खाली लाकडं तडतडतात, मावशी मधे मधे हळू आवाजात पिठीसाखर किती ते सांगतात... आणि रेकॉर्डिंगमध्ये लाकडं गायब, मांडा पडल्याचा आवाज गायब, आणि मावशी विहिरीच्या तळातनं बोलाल्यासारख्या. अहो जे ऐकवायला गेलो तेच खाऊन टाकलं की त्यानं! आता मी ते बंद ठेवतो, फक्त बाजारात गणपत गल्लीत वगैरे रिक्षांच्या गर्दीत बारक्या लेव्हलवर लावतो. आणि दोन माईकवाला सेट घेतलाय त्यातला दुसरा मी स्वतःला न लावता चुलीपासून हातभर लांब ठेवतो, जास्त जवळ नाही, वितळेल. मी कॅमेऱ्यामागनं विचारलेले प्रश्न आज्जीच्या माईकमध्ये थोडे लांबचे येतात, पण येतात, कारण हे माईक चारी बाजूंचं पकडतात.

जोडणीचं पटकन सांगतो. आयफोन १४ पर्यंत लायटनिंग, १५ पासून टाईप-सी, अँड्रॉइडला टाईप-सी, रिसीव्हर, म्हणजे माईकचा आवाज पकडणारा फोनमध्ये खोचायचा तुकडा, त्याप्रमाणं घ्या. जाड कव्हर असेल तर रिसीव्हर पूर्ण आत बसत नाही, काढून लावा. काही फोनांत सेटिंगमध्ये ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरची वस्तू जोडायची सोय, चालू करायला लागतं आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की ते आपोआप बंद होतं. काही फोनांचा स्वतःचा कॅमेरा बाहेरचा माईक घेतच नाही, तिथं ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात एक्स्टर्नल माईक निवडता येतो.

घ्यायला जाताना स्वतःचा फोन आणि वायरवाले इअरफोन न्या. दुकानदार काउंटरवर टेस्ट करून दाखवतो, तिथं सगळेच चांगले वाटतात. मी माईक लावून दुकानाच्या बाहेर रस्त्यावर गेलो, फोनकडं पाठ करून उभा राहिलो आणि दोन मिनिटं आज्जीसारखं बोललो, दुकानातला पोरगा हसाला, हसू दे. मग पैसे दिले.