निकॉन डी७०चे जुने फोटो उघडताना

रविवार, रात्री उशिरा

निकॉन डी७०, माझा जुना डिजिटल कॅमेरा. साल २००४, सीसीडी (जुन्या पद्धतीचा) सेन्सर, ६.१ मेगापिक्सेल. हातातलं वजन आणि शटरचा तो ठसठशीत आवाज आजही तितकाच प्रिय आहे.

आधी कार्डं. सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) हे या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रीडरमध्ये सरळ रेषेत सरकवायचं. आत ५० बारीक पिना असतात. तिरकं घुसवलं तर एखादी वाकते आणि सरळ करायला जावं तर मोडते. अडलं की जोर करायचा नाही, काढून पुन्हा बसवायचं. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं संगणकाने विचारलं तर ‘नाही’. बऱ्याचदा फाइलींची यादी बिघडलेली असते, फोटो आत शाबूत असतात. फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर ती यादी न बघता थेट फाइलींच्या खुणांवरून फोटो हुडकतं. सापडलेलं मात्र त्याच कार्डावर साठवायचं नाही, नाहीतर उरलेल्यांवर पाणी.

प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर. फाइलींचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, म्हणून सगळं एकत्र ओतलं की एकाच नावाच्या दोन फाइली भिडतात आणि एक जाते.

तारखांचा घोळ ठरलेलाच. बॅटरी फार दिवस बाहेर राहिली की आतलं घड्याळ मूळ तारखेवर जातं. पण त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत चूक सारखीच असते, हे फार सोयीचं. खरी तारीख-वेळ पक्की कळते असा एक फोटो शोधायचा, मागे भिंतीवरचं घड्याळ दिसलं तर उत्तमच. फरक काढायचा आणि एक्झिफटूलने (फोटोत नोंदलेली तारीख-वेळ बदलणारं सॉफ्टवेअर) तेवढाच सगळ्यांना लावायचा. घड्याळ मध्येच पुन्हा बिघडलं असेल तर गट पाडून.

आता रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती; निकॉनमध्ये त्यांना एनईएफ म्हणतात. इथे वेळेचं भान राहत नाही. जेपीईजीत प्रत्येक रंगाला ८ बिट, इथे १२. शिवाय व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंगांचा तोल, आजही बदलता येतो. ट्यूबलाइटखालचा हिरवट चेहरा एका सरकपट्टीने माणसात येतो. खिडकीतल्या पडद्याचा पांढराफटक पडलेला भाग एक्स्पोजर उतरवल्यावर हळूहळू उजळपणा सोडतो आणि घड्या दिसू लागतात, पण लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग टोकाला गेले नसतील तरच. नव्या सॉफ्टवेअरचं नॉइज (रंगांचे दाणे) कमी करणंही आयएसओ १६००च्या, म्हणजे कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता वाढवून काढलेल्या फोटोंना खूप मानवतं. फक्त जपून, नाहीतर त्वचा मेणासारखी होते.

आकाशात एकाच जागी तोच करडा ठिपका? सेन्सरवरची धूळ. लेन्सचं छिद्र लहान असताना (एफ/१६) ठळक, मोठं असताना (एफ/४) जवळपास गायब. एका फोटोत पुसून तीच दुरुस्ती त्या दिवसाच्या बाकीच्या फोटोंवर चिकटवली की काम झालं. कॅमेरा उभा धरलेले मात्र वेगळे तपासायचे.

छापायला ३००८ × २००० पिक्सेल, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १० × ६.७ इंच. उद्या त्याच मापाचे काढायचे.