थिअरी झाली पटकन, इअर ट्रेनिंगने मात्र जीव खाल्ला (माझा अनुभव)

म्युझिक थिअरीचं आधी उरकून टाकते कारण तिथे सांगण्यासारखं फार नाहीये. मी गिटार वाजवते, बरीच वर्षं टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते सांगणारे आकडे) बघूनच वाजवत आले, आणि कोणी ऐनवेळी "हे जी ऐवजी एफमध्ये घेऊया" (म्हणजे गाण्याचा सा बदलूया) म्हटलं की माझी धांदल उडायची, म्हणून शिकायला घेतलं. मेजर स्केल (आपले सगळे शुद्ध सूर) म्हणजे दोन पूर्ण अंतरं एक अर्धं, मग तीन पूर्ण एक अर्धं. त्यावर ट्रायड (एकत्र वाजणारे तीन सूर, म्हणजे साधा कॉर्ड), सेव्हन्थ कॉर्ड (चार सुरांचा), की सिग्नेचर (स्केलमध्ये किती शार्प-फ्लॅट ते). सगळा हिशोबच आहे, वहीत हाताने लिहून काढलं की डोक्यात बसतं. सर्कल ऑफ फिफ्थ्सचं चित्र डाऊनलोड करून भिंतीला लावू नका, स्वतः काढा. सीपासून पाचवा जी, जीपासून पाचवा डी, दर पावलाला एक शार्प (अर्ध्याने चढवलेला सूर) वाढतो. चारपाच वेळा काढलं की भिंतीकडे बघायची गरजच उरत नाही.

आता कानाचं, म्हणजे इअर ट्रेनिंग, सूर नुसते ऐकून ओळखायला शिकणं.

जिथे विचाराल तिथे उत्तर एकच, इंटरव्हल (दोन सुरांमधलं अंतर) ओळखायचं अ‍ॅप घ्या आणि रोज करा. घेतलं. दोन सूर वाजतात, खाली बटणं, मायनर थर्ड, परफेक्ट फोर्थ वगैरे, आपण दाबायचं. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल आणि एक घाणेरडा आवाज. आणि ठरलेले टक्के पडल्याशिवाय पुढची लेव्हल उघडतच नाही! मी मायनर सिक्स्थ आणि मेजर सिक्स्थवर अडकले. आठ सेमिटोन (अर्धी अंतरं) की नऊ, फरक फक्त एका फ्रेटचा (गिटारच्या एका घराचा). सकाळी बरोबर यायचं, रात्री सगळं लाल. कोणीतरी सांगितलं की प्रत्येक इंटरव्हलला एका गाण्याची सुरुवात जोडून ठेव. तेही केलं, पण मग काय व्हायचं, सूर ऐकला की मनात दोनचार गाणी सुरू करून बघायची, कुठलं जुळतं ते ठरवायचं, तोवर खरं गाणं चार बार (मात्रांचे गट) पुढे गेलेलं असायचं. उतरत्या इंटरव्हलला तर ती गाणी कामालाच येत नाहीत, त्यांना वेगळी गाणी शोधा!

बरं एवढं करून लेव्हल पार झाली. नाचले मी. आणि त्याच उत्साहात एक साधी चाल कानाने उतरवायला बसले, तर एक ओळ धड निघेना. टक्के नव्वदच्या वर आणि गाण्यात मी ठार बहिरी. माझा राग यावर आहे की हे असं का होतं ते ना अ‍ॅप सांगतं, ना व्हिडिओत शिकवणारे सांगतात, "पेशन्स ठेवा" म्हणतात फक्त. ठेवला होता की पेशन्स!

का होतं ते मला फार उशिरा कळलं, तुम्ही आत्ताच समजून घ्या. सी मेजरमध्ये ई आणि जी हे दोन सूर घ्या. अंतर मायनर थर्ड. आता अ‍ॅपमध्ये हे दोनच सूर कोरडे वाजले की कान पहिल्या सुराला सा धरून मोकळा होतो, त्यामुळे ऐकू येतं सा आणि कोमल ग, जरा उदास. पण गाण्यात सी हा सा आधीच मनात बसलेला असतो, तिथे तेच दोन सूर ग-प म्हणून येतात, उदास वगैरे काही नाही, चांगले उजळ. सूर तेच, अंतर तेच, आणि कानाला लागतात वेगळे. फोर्थचंही तेच. प वरून वरच्या सा ला जाणं म्हणजे घरी पोचणं, आणि सा वरून म ला जाणं म्हणजे घराबाहेर पडणं, अ‍ॅपच्या लेखी दोन्ही परफेक्ट फोर्थ, एकच बटण. म्हणजे मी इतके दिवस ज्याचा सराव करत होते ती गोष्ट गाण्यात त्या रूपात भेटतच नव्हती.

मग सगळं बंद केलं आणि सा धरून बसले. आधी एक-चार-पाच-एक (सा, म, प आणि परत सा वरचे) असे कॉर्ड वाजवायचे म्हणजे सा पक्का होतो, मग कुठलाही एक सूर, आणि तो कितवा आहे ते ओळखायचं. नुसतं ओळखायचं नाही, तिथून गात घरी यायचं. नी वर सा कडे सरकते, म खाली ग वर टेकतो, रे सा वर उतरतो. असं प्रत्येक सुराचं वागणं लक्षात राहतं, अंतर मोजावं लागत नाही. गाताना लाज वाटते माहितीये, माझा आवाज दार बंद करून गावा असाच आहे, पण गायल्याशिवाय हे होत नाही. आणि दर थोड्या वेळाने सा बदला, नाहीतर सीपुरतंच येतं.

सा साठी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलंत तर एक सांगते. त्यावर गिटारचा ग लांबवर धरला की किंचित चढा लागतो. कान खराब नाहीये तुमचा. गिटार, कीबोर्डचा मेजर थर्ड (सा-ग) तानपुऱ्याशी जुळणाऱ्या नैसर्गिक थर्डपेक्षा साधारण १४ सेंट वर असतो, आणि १०० सेंट म्हणजे एक फ्रेट, तर हे ऐकू येणारच. म्हणूनच जी आणि बी तारांचा थर्ड कानाला अगदी गोड लागेपर्यंत बीची तार उतरवली तर बाकीचे कॉर्ड बोंबलतात. ती तार ट्यूनरनेच लावा. पाचव्याला (सा-प) ही भानगड नाही, तिथे फरक दोनच सेंटचा.

कॉर्ड ओळखताना वरचं काही ऐकू नका, बेस (सगळ्यात खालचा सूर) ऐका. सी आणि ए मायनर, एफ आणि डी मायनर या जोड्यांमध्ये तीनपैकी दोन सूर सारखे असतात, वरून ऐकलं तर घोळ ठरलेला. बेस कुठे गेला ते गुणगुणा, अर्धं काम झालं. अर्थात बेस दरवेळी कॉर्डच्या मूळ सुरावरच असेल असं नाही, पण साध्या गाण्यांत बहुतेक वेळा असतो. हे फोनच्या स्पीकरवर करू नका, खालचे सूर नीट येतच नाहीत, हेडफोन लावा.

परफेक्ट पिच (कुठल्याही आधाराशिवाय सूर ओळखणं) नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी, ते लागत नाही. ४४० हर्ट्झ ऐकून ए ओळखणारे असतात, असू देत, बँडमध्ये सगळे एकमेकांच्या हिशोबानेच ऐकतात.

ते जुनं अ‍ॅप अगदीच टाकाऊ आहे असं म्हणत नाही. सा पक्का झाल्यावर परत लावलं तेव्हा मेजर सिक्स्थ आपोआप सा-ध म्हणून ऐकू यायला लागली आणि मायनरवाली सा-कोमल ध. पण सुरुवात त्याच्यापासून करा असं सांगणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

अरे हो, ताल राहिलाच. चाल उतरवताना सूर शोधायच्या आधी नुसता ताल लिहा. मात्रा मोजत टाळी द्या, बारच्या रेषा मारा, कुठल्या मात्रेवर सूर येतो तिथे टिंब ठेवा, आणि मगच सूर भरायला घ्या. भारी (जोर असलेल्या) मात्रेवर बहुतेक वेळा चालू कॉर्डमधलाच सूर असतो, त्यामुळे तिथे तीनचारच पर्याय उरतात. स्पीड पाऊणपट करून ऐकायला काही हरकत नाही, फक्त पिच खाली जात नाहीये ना ते प्लेअरच्या सेटिंगमध्ये आधी बघून घ्या.