आमची वाटचाल: साध्या पेटीपासून शिक्क्याच्या पॅलेटपर्यंत

आमचं काम सुरू झालं ते साध्या लाकडी पेट्यांनी. मापाप्रमाणे फळ्या कापायच्या, ठोकायच्या, गाडी भरायची. पेटी वजन पेलते का, एवढंच ग्राहक बघायचा. पुढे निर्यातदार येऊ लागले आणि पहिलाच प्रश्न यायचा, "शिक्का मिळेल ना?"

हा शिक्का आयएसपीएम-१५ या मानकाचा, म्हणजे लाकडी पॅकिंगमधली कीड प्रक्रिया करून मारली आहे याची खूण. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ मध्ये ते आलं. त्याआधी, १९९६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये आशियाई लॉन्गहॉर्न भुंगा सापडला होता. कच्च्या लाकडाच्या पॅकिंगमधून आलेल्या या किड्यापायी तिथे हजारो झाडं तोडावी लागली. माल उत्तम, पेटी उत्तम, पण फळीतली अळी परक्या देशातल्या झाडांच्या मुळावर उठते. हे समजल्यावर नियम जाचक वाटेनासा झाला.

आम्ही स्वतःचं हीट ट्रीटमेंट चेंबर, म्हणजे लाकूड तापवून कीड मारायची बंद खोली, उभारलं. साल काढलेल्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं राहिला पाहिजे. चेंबरमधली हवा केव्हाच तापते, जाड ठोकळा आतून थंडच असतो. म्हणून सर्वांत जाड ठोकळ्याला भोक पाडून सेन्सर आत सरकवतो आणि भोक नीट बुजवतो. नाहीतर गरम हवा शिरते आणि आकडा फसवतो. सगळ्यात मागे राहिलेल्या सेन्सरने ५६ गाठले की तिथून वेळ मोजायची. मध्येच पारा उतरला तर पुन्हा पहिल्यापासून. लाकूड ओलं असेल तर फार वेळ जातो. तो जाऊ द्यावा, या बाबतीत घाई आम्ही कुणाच्याही सांगण्यावरून करत नाही.

मिथिल ब्रोमाइडची धुरीही मानकात बसते. पण तो वायू ओझोनच्या थराला मारक, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

खरी ओढाताण होते जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीच्या, दुरुस्तीत. साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती. बदललेला प्रत्येक भाग प्रक्रिया केलेला आणि वेगळा शिक्का मारलेला हवा. त्याहून जास्त बदललं तर जुने शिक्के कायमचे मिटवायचे, अख्खं पॅलेट पुन्हा तापवायचं आणि मग नवा शिक्का. "जुना आहे की, राहू द्या," असं म्हणणारे भेटतात. आम्ही रंधा मारून तो काढतोच. त्यावर ज्या कारखान्याचा क्रमांक असतो, त्याने ती नवी फळी पाहिलेलीही नसते.

प्लायवूड आणि ६ मिलिमीटरपर्यंतचं पातळ लाकूड यातून सुटतं. माल हलू नये म्हणून लावलेले ठोकळे मात्र सुटत नाहीत, आणि नेमके तेच विसरले जातात. एका ग्राहकाची सगळी पॅलेट्स नियमात होती. यंत्राखाली दुसरीकडून आणलेला बिनशिक्क्याचा ठोकळा निघाला आणि कंटेनर बंदरात अडकला. आता ऑर्डर घेतानाच विचारतो, "आत टेकू कशाचा देणार?" ठोकळेही आमच्याकडूनच घ्यायचे असतील तर माप आधी मागतो, कारण भरताना कापलेल्या तुकड्यावर शिक्का उरत नाही.