गम्बो आणि खेकड्याची नांगी

आज न्यू ऑर्लिन्समध्ये, ट्रेमे भागातल्या ‘डुकी चेस’मध्ये जेवलो. १९४१ पासून एकाच घराण्याचं हॉटेल. वेगवेगळ्या वंशाच्या लोकांनी एकत्र बसून जेवणं कायद्यात बसत नव्हतं, त्या काळात काळे-गोरे कार्यकर्ते इथल्या माडीवर जेवता जेवता बैठका घ्यायचे. २००५ च्या कतरिना वादळात हॉटेल बुडालं, तरी पुन्हा उभं राहिलं.

गम्बो मागवला. काळपट रस्सा, त्यात कोळंबी, सॉसेज आणि अख्खी खेकड्याची नांगी. वर भाताचा छोटा ढीग. चमचा ठेवला बाजूला आणि नांगी सरळ दाताखाली फोडली. आईने शिकवलंय तसंच, चोखून. शेजारच्या टेबलावरच्या आजी माझ्याकडे बघून हसल्या, मग त्यांनीही तेच केलं!

गम्बो हा शब्द म्हणे आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलाय. माझ्या वाटीत भेंडी नव्हतीच. असो.

तिखट कमी वाटलं, पण हॉट सॉसच्या बाटलीला हात लावला नाही. ओबामांनी इथे गम्बोत सॉस घातला तेव्हा इथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लीआ चेसबाईंनी त्यांनाही झापलं होतं. बाई २०१९ मध्ये गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. तरी हिंमत झाली नाही.

फोटो काढायचा राहिलाच. हात बरबटलेले होते.