बोलून टाकणे, बोलून बसणे

पहिल्या नोकरीत साहेबांनी गुरुवारची बैठक ‘पुट ऑफ’ झाल्याचे सांगितले, तेव्हा दिवा ऑफ, पंखा ऑफ या घरगुती हिशेबाने ती रद्दच झाली असे मी समजलो आणि तिघा सहकाऱ्यांना तसे कळवूनही टाकले. प्रत्यक्षात ती सोमवारवर ढकलली होती आणि सोमवारी आम्हा चौघांच्याही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. रद्द करण्याला ‘कॉल ऑफ’ म्हणतात, हे त्यानंतर मला कोणी शिकवावे लागले नाही.

मग मी वहीत अशा क्रियापदांची यादी करून ती पाठ करू लागलो. परंतु ‘पुट’च्या पानावर ऑन, ऑफ, आउट, अप अशी रांग लागली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सरमिसळ होई. परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण याच प्रकारामुळे होते, असे सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा थोडे हायसे वाटले.

वास्तविक हा प्रकार आपल्याला परका नाही. ‘बोलून टाकले’ म्हणजे मन मोकळे केले, ‘बोलून बसलो’ म्हणजे आता पस्तावतो आहे, ‘बोलून ठेवले’ म्हणजे पुढची तजवीज केली. येथे टाकण्याचा फेकण्याशी किंवा बसण्याचा खुर्चीशी काहीएक संबंध नाही, तरी हे फरक आपण कधी घोकले नाहीत. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ वर नेत नाही, तर आपल्या ‘खाऊन टाक’मधल्या ‘टाक’सारखा काम पुरते करतो, हे ध्यानात आल्यावर मी वही नव्याने मांडली आणि पानांना क्रियापदांऐवजी या शेपटांची नावे दिली.

शब्दक्रमाचे मात्र मराठीवरून काही कळत नाही. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ ही दोन्ही रूपे चालतात. पण बॅगेच्या जागी ‘इट’ आले की ‘पिक इट अप’ हेच बरोबर. उलट ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ आपले कर्म नेहमी मागे ठेवतो, म्हणून तेथे ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे लागते.

साध्या शब्दयोगी अव्ययांत आपली मराठी उघडी पडते ती वेगळीच. ‘माझ्यावर रागावला’चे ‘अँग्री ऑन मी’, ‘तिच्याशी लग्न’चे ‘मॅरिड विथ हर’ आणि ‘त्याविषयी चर्चा’चे ‘डिस्कस अबाउट’ मी स्वतः लिहिलेले आहे. हवे होते ‘विथ’, ‘टू’ आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. ‘कोप अप विथ’चे खापर मात्र मराठीवर फोडता येणार नाही, त्यातला फाजील ‘अप’ बहुधा ‘कीप अप विथ’वरून चिकटला असावा. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, यातल्या ‘अप’चा अर्थ लावण्याचा नाद सोडून तेवढा एक प्रयोग मी मुकाट्याने पाठ केला आहे.